विमानाच्या चित्राचं बटण कोणाच्या ताब्यात? लिनक्स ड्रायव्हरमध्ये वायरलेस हॉटकी जोडताना

प्रश्न असा आहे: लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. वरच्या रांगेत विमानाचं चित्र असलेलं बटण आहे. ते दाबलं की कधी काहीच होत नाही, तर कधी वाय-फाय बंद होऊन क्षणात पुन्हा चालू होतं. हे बटण कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ड्रायव्हरमध्ये मॅप करायचं आहे, म्हणजे त्याला कीचा कोड नेमून द्यायचा आहे. कुठला कोड, कुठल्या तक्त्यात घालायचा?

तक्त्यातली ओळ लिहायला पाच मिनिटं पुरतात. खरी मेहनत त्याआधीची आहे, आणि ती टाळली तर ओळ बरोबर लिहूनही बटण चुकीचंच वागतं. आधी शोधायचं ते हे, की या लॅपटॉपवर रेडिओ (वाय-फाय, ब्लूटूथ) बंद-चालू करण्याचं काम फर्मवेअर (कंपनीने लॅपटॉपच्या चिपमध्येच भरलेला प्रोग्रॅम) करतं की ऑपरेटिंग सिस्टिम. आवाजाच्या बटणाला ही भानगड नसते. ते दाबलं की डेस्कटॉपला कळतं, डेस्कटॉप आवाज वाढवतो, विषय संपला. वायरलेसच्या बटणाला मात्र दोन मालक असू शकतात, आणि दोघांनी एकाच दाबावर हात चालवला की तुम्ही सांगता तेच होतं: एकाने बंद केलं, दुसऱ्याने चालू केलं.

(कमांड, ड्रायव्हर आणि कोड यांची नावं इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची. हेक्स आकड्यांतली ए ते एफ ही अक्षरंही तशीच.)

दोन मालक का झाले, त्याला इतिहास आहे. विंडोज ७ च्या काळापर्यंत बहुतेक कंपन्या हे बटण फर्मवेअरमध्येच हाताळत. बटण दाबलं की एम्बेडेड कंट्रोलर (कीबोर्ड वगैरे सांभाळणारी छोटी चिप) वाय-फाय कार्डाची रेडिओ बंद करणारी पिन खाली ओढतो आणि काम झालं. जुन्या मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डावर ही पिन २० नंबरची, एम.२ च्या ई-की कार्डावर वाय-फायसाठी ५६ आणि ब्लूटूथसाठी ५४. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि विमान मोड ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात गेला. तेव्हापासून बटणाने फक्त ‘मला दाबलं’ एवढंच सांगायचं, रेडिओला हात लावायचा नाही. पण कंपन्यांनी जुना कोड काढून टाकला नाही. कित्येक फर्मवेअरमध्ये दोन्ही वाटा शेजारीशेजारी आहेत, आणि समोरची ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःला कोण म्हणवते त्यावर कुठली वाट उघडायची ते ठरतं. लॅपटॉपचा डीएसडीटी तक्ता (फर्मवेअरने ऑपरेटिंग सिस्टिमला दिलेलं हार्डवेअरचं वर्णन) उलगडून पाहिला तर बऱ्याचदा ‘ओएसवायएस’ नावाच्या चलाची हेक्स ०७डीसी शी तुलना केलेली दिसते. हेक्स ०७डीसी म्हणजे दशमान २०१२, अर्थात विंडोज ८. हेक्स ०७डी९ म्हणजे २००९, विंडोज ७. बटणाचं कूळ या एका तुलनेत कळतं.

आता निदान. दोन टर्मिनल उघडा. पहिल्यात ‘आरएफकिल इव्हेंट’ चालू ठेवा (आरएफकिल म्हणजे रेडिओ बंद-चालू करणारी कर्नलची यंत्रणा). दुसऱ्यात रूट म्हणून ‘लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स --शो-कीकोड्स’ चालवा, बटण एकदा दाबा आणि इव्हेंट कुठल्या उपकरणातून आला ते टिपा. एकाच लॅपटॉपवर तीन-चार इनपुट उपकरणं सहज असतात: नेहमीचा ‘एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड’, कंपनीचं ‘असुस डब्ल्यूएमआय हॉटकीज’ किंवा ‘एचपी डब्ल्यूएमआय हॉटकीज’ किंवा ‘आयडियापॅड एक्स्ट्रा बटन्स’, आणि नव्या मशीनवर ‘इंटेल हिड इव्हेंट्स’. एकाच दाबावर दोन उपकरणं बोलली तर तेही लिहून ठेवा. दुहेरी टॉगलचं एक कारण तिथेच सापडलं.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. त्या उपकरणावर ‘ईव्हीटेस्ट --ग्रॅब’ चालवा. ग्रॅब म्हणजे ते उपकरण फक्त तुमच्या हाती येतं. डेस्कटॉपला इव्हेंट जात नाही, आणि कर्नलमध्ये रेडिओची बटणं ऐकत बसलेल्या ‘आरएफकिल-इनपुट’ या हँडलरलाही जात नाही. दोन उपकरणं बोलत असतील तर दोन्ही ग्रॅब करा. आता बटण दाबा आणि पहिल्या टर्मिनलकडे पाहा. तिथे अशी एखादी ओळ उमटली: आयडीएक्स १, टाइप १, ऑप २, सॉफ्ट ०, हार्ड १. टाइप १ म्हणजे वाय-फाय (२ असता तर ब्लूटूथ), ऑप २ म्हणजे स्थिती बदलली, आणि हार्ड ० चा १ झाला (सॉफ्ट म्हणजे सॉफ्टवेअरने घातलेली बंदी, हार्ड म्हणजे हार्डवेअर किंवा फर्मवेअरने घातलेली). सॉफ्टवेअरच्या सगळ्या वाटा तुम्ही बंद केलेल्या असताना हे झालं, म्हणजे रेडिओ फर्मवेअरने बंद केला. याहून स्पष्ट पुरावा मिळत नाही. इंटेलचं कार्ड असेल तर त्याच वेळी कर्नलच्या लॉगमध्ये आयडब्ल्यूएल-वायफाय ड्रायव्हरची ‘आरएफ किल बिट टॉगल्ड टू डिसेबल रेडिओ’ अशी ओळही येते. ती त्या पिनेचीच हाक आहे.

या चाचणीतून चार निकाल निघू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

ईव्हीटेस्टमध्ये की दिसली, आरएफकिलमध्ये काही हललं नाही. ही सगळ्यात सरळ अवस्था. मालक ऑपरेटिंग सिस्टिम आहे, की योग्य कोडला जोडा.

की दिसली नाही, पण हार्ड बिट बदलला. मालक फर्मवेअर आहे. इथे की मॅप करूच नका. ड्रायव्हरने फर्मवेअरकडून नवी स्थिती वाचून ‘आरएफकिल-सेट-एचडब्ल्यू-स्टेट’ ला कळवायची, एवढंच. एचपी-डब्ल्यूएमआय ड्रायव्हर जुन्या मशीनवर हेच करतो. वायरलेसचा इव्हेंट ५ आला की तो एकही की पाठवत नाही, बायोसला स्थिती विचारतो आणि आरएफकिलच्या नोंदी ताज्या करतो.

की दिसली आणि बिटही बदलला. हा तुमचा ‘बंद होऊन लगेच चालू’ वाला प्रकार असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. इथे तक्त्यात ती की ‘केई-इग्नोर’ या प्रकाराने लिहायची, किंवा फर्मवेअरला ‘तू हात लावू नकोस’ असं सांगायची सोय असेल तर ती वापरायची. ती कशी, ते पुढे येतं.

काहीच दिसलं नाही. मग इव्हेंट कर्नलपर्यंत पोहोचत नाही, किंवा पोहोचतो पण त्याला ऐकणारा ड्रायव्हर नाही. ‘डीमेसेज -डब्ल्यू’ चालू ठेवून बटण दाबा. बहुतेक ड्रायव्हर ओळख न पटलेल्या कोडची तक्रार लॉगमध्ये लिहितात. तिथेही शांतता असेल तर ‘/सिस/फर्मवेअर/एसीपीआय/टेबल्स/डीएसडीटी’ ही फाइल कॉपी करून ‘आयएएसएल -डी’ ने उलगडा आणि तिच्यात उपकरणांची नावं शोधा. एचपीक्यू६००१ सापडलं तर एचपीचं वायरलेस बटण, एटीके४००१ किंवा एटीके४००२ म्हणजे असुसचं, डीईएलआरबीटीएन किंवा डीईएलएलएबीसीई म्हणजे डेलचं, आयएनटी३३डी५ म्हणजे इंटेलचं हिड बटण. त्या उपकरणाला कुठल्या ‘_क्यू’ मेथडमधून (एम्बेडेड कंट्रोलरच्या इव्हेंटवर चालणाऱ्या फर्मवेअरच्या कोडमधून) नोटिफाय केलं जातं, म्हणजे इव्हेंट कळवला जातो, आणि कुठल्या आकड्याने, ते तिथेच वाचता येतं. एचपीच्या त्या उपकरणाला हेक्स ८० ने नोटिफाय होतं, असुसच्या उपकरणाला हेक्स ८८ ने. नाव ओळखीचं, पण ड्रायव्हर चढलेला नाही, असंही होतं. तेव्हा कर्नलच्या बांधणीत तो मॉड्यूल (वेगळा चढवता येणारा ड्रायव्हर) आहे का एवढंच पाहायचं असतं.

आता कोड कुठला. लिनक्सच्या इनपुट हेडरमध्ये रेडिओसाठी कोड ठरलेले आहेत: ब्लूटूथ २३७, वाय-फाय (की-डब्ल्यूलॅन) २३८, मोबाइल डेटा कार्ड (की-डब्ल्यूडब्ल्यूएएन) २४६ आणि सगळे रेडिओ एकदम (की-आरएफकिल) २४७. सरकणाऱ्या बटणासाठी, म्हणजे ज्याला चालू-बंद अशा दोन पक्क्या जागा आहेत त्यासाठी, की वापरत नाहीत. तिथे स्विच इव्हेंट असतो, ‘एसडब्ल्यू-आरएफकिल-ऑल’, क्रमांक ३. नियम सोपा: बटणावरचं चित्र पाहा. अँटेना असेल तर २३८, विमान असेल तर २४७, सरकपट्टी असेल तर स्विच.

विमानाच्या बटणाला २३८ दिलं तर काय बिघडतं? कर्नलचा हँडलर २३८ वर फक्त वाय-फाय टॉगल करतो, ब्लूटूथ चालूच राहतं. म्हणजे ज्याने विमानात बसून ते बटण दाबलं त्याची फसगत होते. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये ही चूक झाकली जाते, कारण ग्नोम दोन्ही कींना विमान मोडच समजतो. म्हणून फक्त ग्नोमवर चाचणी करून पॅच (कोडमधला तुमचा बदल) पाठवू नका. नुसत्या टर्मिनल कन्सोलवरही पाहा.

२४७ या आकड्यात आणखी एक मेख आहे. एक्स विंडो सिस्टिममध्ये (लिनक्सची खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा) कीचा कोड कर्नलच्या कोडपेक्षा ८ ने मोठा असतो आणि २५५ च्या पुढे जात नाही. २४७ अधिक ८ म्हणजे बरोबर २५५. वायरलेसची की काठावर पास झाली. तिच्या पुढची २४८, मायक्रोफोन म्यूटची, एक्सपर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच जुन्या नोंदींमध्ये तिला एफ२० च्या वेषात पाठवलेलं दिसतं. २४८ च्या पुढचा एखादा कोड वायरलेससाठी ‘मोकळा दिसला’ म्हणून उचलू नका.

स्विचची दिशाही लक्षात ठेवा: १ म्हणजे रेडिओला परवानगी, ० म्हणजे बंदी. नावात ‘किल’ असल्यामुळे नेमकं उलट लिहिलं जातं. उलट लिहिल्यावर लक्षण विचित्र दिसतं. कर्नलचा हँडलर ० मिळताच सगळे रेडिओ बंद करून कुलूप लावतो आणि स्विच १ होईपर्यंत २३८ किंवा २४७ ची कुठलीही की मानत नाही. पाहणाऱ्याला वाटतं की की मेली. की ठणठणीत असते, स्विच उलटा असतो. शिवाय सरकपट्टीची स्थिती ड्रायव्हर चढताना आणि सस्पेंडमधून उठताना ताजी वाचून कळवावी लागते, कारण लॅपटॉप झोपलेला असताना कोणी ती सरकवली तर त्याचा इव्हेंट कधीच येत नाही.

ड्रायव्हरमधला तक्ता ‘स्पार्स कीमॅप’ या सोयीवर बांधलेला असतो. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: प्रकार, फर्मवेअरकडून येणारा कोड आणि लिनक्सचा कोड. प्रकार ‘केई-की’ म्हणजे साधी की; ‘केई-एसडब्ल्यू’ म्हणजे ठरावीक किंमत पाठवणारा स्विच; ‘केई-व्हीएसडब्ल्यू’ म्हणजे इव्हेंटसोबत आलेली किंमत पाठवणारा स्विच; ‘केई-इग्नोर’ म्हणजे ओळख आहे, पण गप्प बसायचं. शेवटी ‘केई-एंड’ हवंच. ते राहिलं तर कोड तक्त्याच्या पलीकडची मेमरी वाचत सुटतो. ओळखीचा नसलेला कोड आला तर ही सोय तो स्कॅन कोडसकट (फर्मवेअरकडून आलेल्या मूळ आकड्यासकट) २४० म्हणजे ‘अननोन’ या कीने वर पाठवते. म्हणून ईव्हीटेस्टमध्ये २४० दिसला तर हिरमुसू नका. त्याच्या वरच्या ‘एमएससी-स्कॅन’ ओळीत तुम्हाला हवा असलेला आकडा असतो.

खरे तक्ते उघडून पाहिले की रचना चटकन कळते. आयडियापॅड-लॅपटॉपमध्ये १३ हा कोड की-डब्ल्यूलॅनला जोडलेला आहे. इंटेल-हिडमध्ये ८ हा की-आरएफकिलला. असुस-एनबी-डब्ल्यूएमआयमध्ये हेक्स ८८ की-आरएफकिलला, आणि हेक्स ५डी, ५ई, ५एफ हे तिन्ही की-डब्ल्यूलॅनला. यातला ५डी टॉगल, ५ई ‘चालू केलं’, ५एफ ‘बंद केलं’. फर्मवेअर दिशा सांगतंय आणि आपण ती टॉगलमध्ये बदलतोय, हे इथलं दुबळं जोड आहे. एकदा ताळमेळ सुटला की ‘चालू केलं’ या निरोपावर रेडिओ बंद होऊ शकतो. काही मॉडेलांसाठी हे तिन्ही कोड गाळून टाकणारी वेगळी तजवीज त्याच ड्रायव्हरमध्ये आहे. तुमचं मशीन त्या जातीचं असेल तर नव्या ओळीऐवजी त्या यादीत मॉडेलची भर घाला.

असुसमध्येच फर्मवेअरला मागे सारण्याची सोयही आहे. ‘डब्ल्यूएपीएफ’ नावाचं पॅरामीटर एफएन-वायरलेस बटणाचं वागणं ठरवतं. साधारणपणे ० म्हणजे वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही फर्मवेअरकडे, १ म्हणजे वाय-फाय सॉफ्टवेअरकडे पण ब्लूटूथ फर्मवेअरकडे, ४ म्हणजे दोन्ही सॉफ्टवेअरकडे. मॉड्यूल ‘डब्ल्यूएपीएफ=४’ देऊन चढवा आणि ग्रॅबची चाचणी पुन्हा करा. हार्ड बिट हलायचा थांबला तर मॉडेलचं नाव ड्रायव्हरच्या यादीत घालणं हाच पक्का इलाज.

डेलचा डेल-आरबीटीएन ड्रायव्हर या विषयाचा उत्तम धडा आहे, सवडीने वाचावा असा. तो आधी ‘सीआरबीटी’ मेथडला विचारतो की बटण कुठल्या जातीचं आहे. उत्तर ० किंवा १ आलं तर दाबायचं बटण, मग तो इनपुट उपकरण उभं करून की-आरएफकिल पाठवतो. २ किंवा ३ आलं तर सरकपट्टी, मग की न पाठवता आरएफकिलची नोंद करतो. शिवाय ‘एआरबीटी’ मेथड बोलावून फर्मवेअरला कळवतो की ताबा आता माझा. म्हणजे मालक कोण हे आधी विचारायचं, मग ठरवायचं, मग सांगायचं. त्यात आणखी एक बारकावा आहे: काही बायोस सस्पेंडमधून उठल्यावर, कोणी बटण न दाबता, एक नोटिफिकेशन पाठवतात. ते की म्हणून वर गेलं तर झाकण उघडताच विमान मोड लागतो. म्हणून झोपताना एक खूण लावून ठेवली आहे. उठल्यानंतरचा तो फुकटचा इव्हेंट गिळला की खूण निघते. तुमच्या ड्रायव्हरला हाच त्रास असेल तर हीच युक्ती लागू पडते.

आयडियापॅडची गोष्ट वेगळ्या बाजूची आहे. तिथे की ठीक असते, पण ‘आरएफकिल लिस्ट’ मध्ये ‘आयडियापॅड-डब्ल्यूलॅन’ कायम हार्ड ब्लॉक दिसतो आणि कुठल्याच कमांडने सुटत नाही. कारण असं की ज्या मॉडेलांवर प्रत्यक्ष स्विचच नाही, तिथेही फर्मवेअर ‘स्विच बंद आहे’ असं उत्तर देतं. सुरुवातीला कर्नलने अशा मॉडेलांची अपवाद-यादी ठेवली होती आणि ती वाढतच गेली. पुढे तर्क उलटा केला: स्विच खरोखर आहे असं माहीत असलेल्या मॉडेलांवरच तो वाचायचा. जुन्या कर्नलवर ‘मॉडप्रोब -आर आयडियापॅड-लॅपटॉप’ केल्यावर वाय-फाय लगेच सुटतं, म्हणून लोक तो मॉड्यूल कायमचा बंद करून टाकतात. तसं करू नका. बॅटरी कमी टक्क्यांवर थांबवून तिचं आयुष्य वाढवणारी सोय त्याच मॉड्यूलमध्ये आहे, तीही जाते. कर्नल नवा करा.

नवा ड्रायव्हर लिहायची वेळ फार क्वचित येते, पण आली तर तो लहानच असतो. एसीपीआय (फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातली ठरलेली बोली) ओळख-तक्ता, उपकरण जोडताना इनपुट उपकरण तयार करून त्याला २४७ ची क्षमता देणं, आणि नोटिफाय हँडलर. हँडलरमध्ये अपेक्षित आकडा आला तर की १, सिंक, की ०, सिंक, या क्रमाने चार ओळी. दुसरा सिंक राहिला तर की सुटल्याची खबर पुढच्या दाबापर्यंत अडकून पडते. की ० च राहिलं तर इनपुट कोअरच्या मते की दाबलेलीच असते, आणि पुढचा १ ‘बदल नाही’ म्हणून गळून पडतो. लक्षण ओळखायला सोपं आहे: बूट झाल्यावर बटण नेमकं एकदा चालतं, मग पुन्हा बूट करेपर्यंत मुकं.  आरएफकिल उपकरणही नोंदवत असाल तर हार्ड स्थितीसाठी पोलिंग (ठरावीक वेळाने स्थिती विचारत राहणं) तेव्हाच ठेवा, जेव्हा इव्हेंट मिळण्याचा दुसरा काहीच मार्ग नसेल. तिथे फुकट बॅटरी जाते.

बऱ्याच वेळा ड्रायव्हरला हात न लावताही काम होतं. की साध्या कीबोर्डमधून येत असेल तर कर्नल लॉगमध्ये ‘अननोन की प्रेस्ड, ट्रान्सलेटेड सेट २, कोड हेक्स डी७’ अशी ओळ आणि तिच्याखाली ‘सेटकीकोड्स ई०५७’ वापरण्याची सूचना येते. डी७ आणि ई०५७ एकच आहेत: ई० ने सुरू होणाऱ्या कोडचा दुसरा बाइट घेऊन त्यात हेक्स ८० मिळवलं की डी७. ‘सेटकीकोड्स’ तात्पुरतं आहे, बूट झालं की पुसलं जातं. चाचणीला ते छान. कायमसाठी यूडेव्हचा (उपकरणं ओळखणाऱ्या सेवेचा) एचडब्ल्यूडीबी, म्हणजे हार्डवेअरची नोंदवही. ‘/एटसी/यूडेव्ह/एचडब्ल्यूडीबी.डी’ मध्ये ९० ने सुरू होणाऱ्या नावाची फाइल करा. पहिल्या ओळीत उपकरणाची आणि मॉडेलची ओळख (‘/सिस/क्लास/डीएमआय/आयडी/मोडअलायस’ मधून कंपनी आणि उत्पादनाचं नाव घ्या, बायोसची आवृत्ती तारांकनाने मोकळी सोडा, नाहीतर बायोस अपडेट झाल्याझाल्या नोंद निकामी होते). दुसऱ्या ओळीत एक रिकामी जागा सोडून ‘कीबोर्ड-की-’, त्याला लागून स्कॅन कोड, बरोबरचं चिन्ह आणि कीचं लहान रोमन अक्षरांतलं नाव, जसं ‘आरएफकिल’. ती सुरुवातीची रिकामी जागा विसरली तर ओळ नवी ओळख म्हणून वाचली जाते आणि काहीच लागू होत नाही. मग ‘सिस्टिमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट’ आणि ‘यूडेव्हअ‍ॅडम ट्रिगर’.

काही फर्मवेअर की दाबल्याचा कोड पाठवतात, सोडल्याचा नाही. ईव्हीटेस्टमध्ये किंमत १ दिसते, मग २, २, २. २ म्हणजे दाबून धरल्याची पुनरावृत्ती, आणि आरएफकिलचा हँडलर फक्त १ मोजतो. अशा वेळी एचडब्ल्यूडीबीत कीच्या नावाआधी उद्गारचिन्ह टाका. सोडल्याचा इव्हेंट कर्नल स्वतः तयार करतो.

काही एचपी लॅपटॉपवर झाकण मिटताना-उघडताना ई०५७ आणि ई०५८ हे कोड सुटतात आणि विमान मोड आपोआप लागतो. तिथे डी७ आणि डी८ दोन्ही ‘अननोन’ ला जोडून टाकायचे. या कोडना उगाच २३८ किंवा २४७ देणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं.

डेस्कटॉपच्या बाजूचा एक सापळाही सांगायला हवा, कारण तो ड्रायव्हरचा दोष वाटतो. ग्नोमसारखं डेस्कटॉप सुरू झाल्यावर कर्नलच्या हँडलरला एका आयऑक्टलने (कर्नलला दिलेल्या थेट आज्ञेने) गप्प करतं आणि बटणं स्वतः हाताळतं. स्वे किंवा आय३ या हलक्या विंडो व्यवस्थापकांमध्ये तसं कोणी करत नाही, त्यामुळे कर्नलचा हँडलर जागाच असतो. त्यात तुम्ही सेटिंगमध्ये त्याच कीवर ‘आरएफकिल टॉगल ऑल’ बांधलंत, तर एका दाबावर दोन टॉगल होतात. म्हणून दोन वाटांनी आलेली एकच की ‘बंद, क्षणात पुन्हा चालू’ अशी दिसते. इथे तुमची बांधणी काढून टाका, ड्रायव्हर बरोबर आहे.

बूट झाल्यावर रेडिओ बंदच सापडला तरी लगेच ड्रायव्हरकडे बोट दाखवू नका. सिस्टिमडी (बूटपासून सगळ्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) प्रत्येक रेडिओची शेवटची सॉफ्ट स्थिती ‘/व्हार/लिब/सिस्टिमडी/आरएफकिल’ मध्ये जपते आणि पुढच्या बूटला तीच लावते. प्रयोगात चुकून लागलेला ब्लॉक असा दिवसेंदिवस मागे लागतो. चाचणीपुरता ‘सिस्टिमडी.रिस्टोअर-स्टेट=०’ हा बूट पर्याय द्या. ‘एसीपीआय-ओएसआय’ हा बूट पर्याय बदलून फर्मवेअरला विंडोज ७ भासवण्याचा उपाय सुचवला जातो, तो निदानासाठी ठीक, कायमचा नको. त्याच तुलनेवर टचपॅड, ब्राइटनेस आणि पॉवर व्यवस्थापनही अवलंबून असतं.

ओळ लिहून झाली की बांधणी. कर्नलचे हेडर बसवा, तो एकच ड्रायव्हर वेगळा मॉड्यूल म्हणून बांधा, जुना काढून नवा चढवा. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर आलं तर त्याचा तुमच्या हॉटकीशी संबंध नाही. सिक्युअर बूट चालू आहे आणि मॉड्यूलवर सही नाही. सहीसाठीची स्वतःची की ‘मॉकयूटिल’ ने नोंदवा आणि तिने मॉड्यूलवर सही करा.

मग चाचण्या, याच क्रमाने. पूर्ण बंद करून चालू केल्यावर दाबा. एकेका सेकंदाच्या अंतराने दहा वेळा दाबा आणि ‘आरएफकिल इव्हेंट’ मध्ये प्रत्येक रेडिओची स्थिती बरोबर दहा वेळा बदलली का मोजा. बटणातला दिवा रेडिओच्या उलट पेटत असेल तर एलईडीचा ट्रिगर पाहा: ‘आरएफकिल-नन’ सगळे रेडिओ बंद असताना पेटतो, ‘आरएफकिल-एनी’ एखादा चालू असताना. सस्पेंड करून उठवा, काही न दाबता पाच सेकंद थांबा, इव्हेंट येतो का पाहा. झाकण मिटा-उघडा. शेवटी कन्सोलवर जाऊन पुन्हा दाबा. पॅच पाठवताना त्यासोबत मशीनचं डीएमआय नाव (फर्मवेअरमध्ये नोंदलेलं मॉडेलचं नाव), बायोसची आवृत्ती, बटणावरचं चित्र, येणारा कोड आणि ग्रॅबच्या चाचणीचा निकाल लिहा. तपासणारा सगळ्यात आधी हेच विचारतो की रेडिओ फर्मवेअर बंद करतं का, आणि त्याचं उत्तर पॅचमध्येच असेल तर एक फेरी वाचते.